ओढायचं सोपं, पेलायचं अवघड: भाच्याचा पिकअप आणि सोलापूरचा मामा

माझं अक्कलकोट रोड एमआयडीसीत ट्रॉल्या बनवायचं वर्कशॉप आहे. दोन चाकी, चार चाकी, उसाची, मुरमाची, पाण्याच्या टँकरची चेसी, गिऱ्हाईक जे म्हणेल ते. माझा भाचा, म्हणजे थोरल्या ताईचा पोरगा, कॅनडात एडमंटनला असतो, बायको आणि दोन पोरं. २०२४ मधे त्याला नवीन पिकअप घ्यायचा होता आणि तीन महिने आम्ही मामा-भाचे फोनवर त्याच एका विषयावर बोलत होतो, ताई म्हणायची तुमच्या दोघांचं लग्न ठरवायलाबी एवढं बोलणं झालं नव्हतं. त्यात माझी एक मोठी चूक झाली, त्याची एक झाली, आणि शेवटी जे घेतलं ते बरोबर निघालं असं आता एक उन्हाळा एक हिवाळा बघून म्हणता येतंय, म्हणून सगळं प्रकरण लिहून काढतोय.

सुरुवात जानेवारी २०२४ ला झाली. इकडं सोलापुरात सिद्धेश्वराच्या जत्रेचा गड्डा भरलेला, आम्ही रात्री पोरांना घेऊन पाळण्यात बसायला निघालेलो, अंगात साधा स्वेटर. तिकडं एडमंटनला पारा उणे चाळीसच्या खाली. उणे चाळीस हा एकच आकडा असा आहे की सेल्सिअस आणि फॅरनहाइट दोन्हीत सारखाच येतो, त्यामुळं कुठल्या मापात सांगतोय हे विचारायचं कामच नाही. १३ तारखेला संध्याकाळी अख्ख्या अल्बर्टात, म्हणजे एडमंटन ज्या प्रांतात आहे तिथं, लोकांच्या फोनवर सरकारी इशारा वाजला, वीज कमी पडायला लागलीय, गरजेपुरतीच वापरा. भाच्यानं शहाण्यासारखं गाडीच्या ब्लॉक हीटरचा प्लग काढला. सकाळी गाडी टक्क करून गप्प. ब्लॉक हीटर म्हणजे काय तर इंजिनाच्या ब्लॉकमधलं कूलंट गरम ठेवणारी विजेची कांडी, तिची वायर पुढच्या जाळीतनं बाहेर लोंबत असते, रात्री घरातल्या प्लगला जोडायची. ही वायर मी पहिल्यांदा फोटोत बघितली तेव्हा मला वाटलं गाडी चार्जिंगची आहे.

ती जुनी गाडी म्हणजे एक मध्यम एसयूव्ही, बारा वर्षांची. ती तशीही जाणारच होती कारण शेजाऱ्याचा ट्रॅव्हल ट्रेलर ह्यानं विकत घ्यायचं कबूल केलं होतं. ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे चाकावरचं घरच, आत पलंग, शेगडी, फ्रिज, संडास. तिकडं मे ते सप्टेंबर लोक तो मागं जोडून डोंगरात जातात. रिकाम्याचं वजन २,३१३ किलो, आणि भरून जास्तीत जास्त पासिंग ३,१७५ किलो, म्हणजे त्यांच्या भाषेत ७,००० पौंड. जुनी गाडी दीड टनाच्या वर ओढायच्या लायकीची नव्हती.

तर मागणी अशी: उन्हाळ्यात सव्वातीन टनाचं घर ओढायचं, हिवाळ्यात बर्फावरनं रोज ऑफिसला जायचं, पोरांना शाळेत सोडायचं, आणि एकच गाडी.

भाच्यानं पहिला ट्रक आधीच मनात पक्का केला होता. अर्धा टनी म्हणतात तिकडं, नाव जुनं पडलंय, आता कुठलाच अर्धा टनी ट्रक अर्ध्या टनाचा राहिला नाही. एफ-१५०, सिल्व्हराडो, राम १५००, टुंड्रा ह्या वर्गातला. चार दरवाजे, छताला मोठी काच, चामड्याच्या सीटा, बावीस इंची चाकं. मला म्हणाला, "मामा, हा ११,००० पौंड ओढतो. माझा ट्रेलर ७,००० चा. विषय संपला." ११,००० पौंड म्हणजे पाच टनाला दहा किलो कमी.

मी म्हणलं, थांब. ओढतो हे कळलं. पेलतो किती?

इथं मला माझ्या धंद्याचं जरा सांगावं लागेल. ऊस भरलेली दोन चाकी ट्रॉली चढाला लागली आणि ट्रॅक्टरचं तोंड वर उचललं हे आपल्याकडं कुणी बघितलं नाही? तुळजापूरच्या घाटात म्हणा, कारखान्याच्या गेटवरच्या रॅम्पला म्हणा, ड्रायव्हर बोनेटवर दोन पोरं बसवतो. ट्रॅक्टरला ताकद कमी पडलेली नसते. इंजिन ओढायला तयार असतं, पण ट्रॉलीचं वजन दांडीवरनं हुकावर बसतं, हूक मागच्या चाकांच्या मागं असतं, आणि मागचं चाक झालं टेकू, तोंड झालं हलकं. तोंड हलकं म्हणजे स्टेअरिंग गेलं. त्यामुळं ट्रॉली बनवताना आम्ही पहिलं बघतो ते चाकं कुठं बसवायची. फार पुढं घेतली तर दांडी वर उचलते आणि ट्रॉली मागं सापासारखी वळवळते, फार मागं घेतली तर सगळा भार ट्रॅक्टरच्या बोडक्यावर. चार चाकी ट्रॉलीला हे दुखणं नाही, ती आपलं वजन आपण पेलते. पण ट्रॅव्हल ट्रेलर, चाकं दोन जोड्या असली तरी सगळी मधोमध, म्हणजे स्वभावानं आपली दोन चाकीच.

तिकडचा नियमही तोच सांगतो. असल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार बॉलवर, म्हणजे ट्रकच्या मागं ज्या लोखंडी गोळ्यावर ट्रेलरची दांडी बसते त्याच्यावर, यायला पाहिजे. कमी आला तर ट्रेलर डोलायला लागतो आणि ट्रकला घेऊन आडवा होतो, जास्त आला तर ट्रकचं कंबरडं. आम्ही १३ टक्के धरले, ३,१७५ चे ४१३ किलो. हे ४१३ किलो ट्रक ओढत नाही, पाठीवर घेतो.

मग मी त्याला म्हणलं शोरूममधे जा, ड्रायव्हरचा दरवाजा उघड, खांबावर पिवळं स्टिकर असेल त्याचा फोटो पाठव. त्या स्टिकरवर एक वाक्य असतं, माणसं आणि सामान मिळून अमुक किलोच्या वर जाऊ नये. हा आकडा त्या एका गाडीचा असतो, मॉडेलचा नव्हे, फॅक्टरीतनं निघताना तिच्यावर काय काय चढवलंय ते धरून. पत्रकात छापतात तो आकडा सगळ्यात साध्या, सगळ्यात हलक्या गाडीचा. काचेचं छत, बटणावर हलणाऱ्या सीटा, बावीस इंची चाकं, प्रत्येक चैनीचे किलो ह्या आकड्यातनं वजा होत जातात. फोटो आला: ६२९ किलो.

आता हिशोब. बॉलवर ४१३. जोडणीचं लोखंड (त्याचं पुढं सांगतो) ४५. भाचा ८२, भाचेसून ६४, पोरं ३८ आणि २७, म्हणजे २११. इथं लोकांचा घोळ होतो, त्यांना वाटतं ड्रायव्हर आधीच धरलेला असतो. नसतो, टाकीतलं इंधन धरलेलं असतं, ड्रायव्हर नाही. मग मागच्या हौद्यात सायकली, लाकडं, गॅस, हत्यारं, हौद्यावरचं झाकण, सगळं १३५. बेरीज ८०४. ट्रक पेलणार ६२९. पाच टन ओढणारा ट्रक सव्वातीन टनाच्या ट्रेलरला १७५ किलोनं कमी पडला.

भाचा दोन दिवस बोलला नाही. ही त्याची चूक.

मग तो ओढायचा आकडा खोटा का? खोटा नाही. त्याला एक प्रमाण आहे, एसएई जे-२८०७ नावाचं, आणि ते चांगलं कडक आहे. ॲरिझोनाच्या वाळवंटात डेव्हिस डॅमचा चढ आहे, जवळजवळ अठरा किलोमीटर, त्याच्यावर ३८ डिग्रीत एसी फुल ठेवून ट्रेलरसकट चढायचं आणि वेग ताशी ६४ च्या खाली जाऊ द्यायचा नाही. आपल्या मे महिन्यात सोलापुरात ४४ होतं तेव्हा त्याची किंमत कळते. पण त्या चाचणीत गाडीत माणसं दोन, प्रत्येकी ६८ किलोची, आणि हौद्यात तुमचा संसार नाही. इंजिन, गिअरबॉक्स, रेडिएटर पास होतात त्यात. मागची कमान आणि एक्सल तुमच्या घरच्या माणसांना घेऊन पास होतात का, ते फक्त स्टिकर सांगतं.

भाच्यानं मग नवीन आयडिया काढली, मागं एअरबॅगा टाकतो, स्प्रिंगच्या बाजूला हवेचे फुगे बसतात, गाडी बसत नाही. मला हसू आलं. आपल्याकडं पिकअपला जादा पाटा टाकतात तेच हे. १.७ टनाची पासिंग, दोन पाटे वाढवले की अडीच टन डाळिंब भरायला मोकळे, सांगोल्याहून निघालं की मार्केट यार्ड येईस्तोवर ब्रेक लागेल का नाही ते देवालाच ठाऊक. पाट्यानं गाडी सरळ दिसते. एक्सल, बेअरिंग, टायर, ब्रेक तेच राहतात आणि पासिंग कागदावर होती तेवढीच राहते. फुगे बसवून स्टिकरचा आकडा एक किलोनंही वाढत नाही.

आता माझी चूक. मी म्हणलं अर्धा टनी सोड, वरचा घे, पाऊण टनी, आणि डिझेलच घे. ओढायचं म्हणजे डिझेल, हे आमच्या रक्तात आहे, आमच्या एमआयडीसीत पेट्रोलवर ओढणारी गाडी म्हणलं तर लोक चहा ठेवून हसतील. त्यानं जाऊन बघितला. मोठा ट्रक, राक्षसासारखं इंजिन, दहा हजार डॉलरच्या वर नुसते डिझेलचे जास्त. आणि स्टिकर? ९७५ किलो. मला वाटलं होतं दीड टन तरी येईल. कारण डिझेल इंजिन स्वतःच भलतं जड, आणि गाडीची एकूण पासिंग ४,५३६ किलोवर बांधलेली, म्हणजे १०,००० पौंड, त्या वर्गाची हद्द तिथं संपते. इंजिन जड झालं की उरलेलं पेलणं कमी होतं. तोच ट्रक पेट्रोलमधे घेतला तर उलटा जास्त पेलतो, हे मला पन्नाशीनंतर कळलं.

तरी ८०४ ला ९७५ म्हणजे जमत होतं की. मग का नाही घेतला?

इथं भाचेसूनबाईंनी तोंड घातलं, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात कामाचे दोन प्रश्न तिचेच. पहिला, वर्षातनं किती दिवस ओढणार? तिनं कॅलेंडर घेऊन बसून मोजले, शाळेच्या सुट्ट्या, रजा धरून वीस दिवस, जास्तीत जास्त. उरलेले ३४५ दिवस ऑफिस सहा किलोमीटर आणि शाळा दोन. डिझेलला हे आवडत नाही. धुराड्यातल्या फिल्टरमधे काजळी साठते ती जाळायला गाडी लांब पळवावी लागते, सहा किलोमीटरमधे उणे पंचवीसला इंजिन कोमटसुद्धा होत नाही. डिझेलमधे मेण असतं, थंडीत ते गोठून फिल्टर बंद होतो, तिकडच्या पंपावर हिवाळ्यात वेगळं पातळ डिझेल मिळतं म्हणा, पण टाकीत आधीचं राहिलं असेल तर बोंब. आणि युरियाचं पाणी, आपल्याकडं बीएस-६ नंतर सगळ्यांना माहीत झालेलं डीईएफ, ते उणे ११ ला गोठतं. गाडीत त्याला हीटर असतो, गोठून विरघळतं, पण आणखी एक यंत्र, आणखी एक सेन्सर. ज्याला रोज दोनशे किलोमीटर लोड घेऊन जायचंय त्याला डिझेलच पाहिजे, त्यात वाद नाही. ह्याला नको होतं.

दुसरा प्रश्न तिनं विचारला नाही, टेप घेऊन गॅरेज मोजलं. आत ६ मीटर १० सेंटिमीटर. पाऊण टनी ट्रक ६ मीटर ३५. म्हणजे अख्खा हिवाळा बाहेर बर्फात. अर्धा टनी ५ मीटर ९०, भिंतीला नाक लावून शटर बंद होतं. उणे तीसला गॅरेजमधली गाडी आणि बाहेरची गाडी ह्यात काय फरक असतो ते त्या जानेवारीनं शिकवलंच होतं. मी दोन महिने टॉर्क, एक्सल, गिअर रेशो घोकत बसलो आणि गाडी उभी कुठं करणार हे विचारलंच नाही. ट्रॉली घ्यायला आलेल्या शेतकऱ्याला मी पहिलं विचारतो, वाड्याचा दरवाजा केवढा आहे. घरच्याच माणसाला विचारायचं राहिलं.

मधे एकदा इलेक्ट्रिक पिकअपचा विषय निघाला. ट्रेलर जोडला की रेंज निम्म्याच्या आसपास येते, थंडीत आणखी पडते, आणि चार्जिंगला बहुतेक ठिकाणी ट्रेलर सोडून बाजूला ठेवावा लागतो. बर्फाळ घाटात दोन पोरं घेऊन हे नको, एका फोनमधे विषय संपला.

शेवटी आम्ही परत अर्धा टनीकडंच आलो, पण उलट्या टोकानं. चैनीचा नाही, कामाचा. कापडी सीटा, पुढं तीन माणसांचं सलग बाकडं, छताला पत्राच, अठरा इंची चाकं, जड भाराचं पॅकेज (जाड स्प्रिंगा, वेगळा मागचा एक्सल, मोठा रेडिएटर), ट्रेलरचे ब्रेक लावणारा ब्रेक कंट्रोलर फॅक्टरीतनं बसवलेला, १३६ लिटरची टाकी. असला ट्रक शोरूममधे उभा नसतो, सेल्समनला त्यात रस नसतो, त्यानं तीनदा चकचकीतच दाखवला. भाच्यानं दुसऱ्या गावातनं शोधून आणला, पण पैसे द्यायच्या आधी दरवाजा उघडून स्टिकरचा फोटो मला पाठवला. ८६४ किलो. बाहेरनं बघितलं तर पहिला ट्रक आणि हा सख्खे भाऊ, तेच नाव तेच तोंड, आणि पेलण्यात २३५ किलोचा फरक, आणि हा स्वस्त. ८०४ ला ८६४, साठ किलो शिल्लक. फार नाही. पण मी धरलेला हिशोब ट्रेलर पूर्ण पासिंगला भरलेला असा होता, आणि भाच्याला बजावलं होतं की पाण्याची टाकी भरून निघायचं नाही, दीडशे लिटर म्हणजे दीडशे किलो, मुक्कामी जाऊन भर.

आता ते जोडणीचं लोखंड. बॉलवर ४१३ किलो बसले तर मागच्या एक्सलवर ४१३ बसत नाहीत, जास्त बसतात. त्याच्या ट्रकची दोन एक्सलमधली लांबी ३.६८ मीटर, आणि बॉल मागच्या एक्सलच्या मागं १.४ मीटर. तरफेचा हिशोब केला की मागच्या एक्सलवर ५७० येतात, आणि पुढचा एक्सल १५७ किलोनं हलका होतो. तोच आमचा ट्रॅक्टर, फक्त तोंड उचललेलं दिसत नाही, हेडलाइट आभाळाकडं बघायला लागतात आणि स्टेअरिंग लोण्यासारखं फिरतं, लोकांना वाटतं वा काय स्मूथ. ह्याच्यावर त्यांनी वजन वाटणारी जोडणी काढलीय, मला ती लई आवडली. बॉलच्या खालनं दोन पोलादी दांड्या मागं ट्रेलरच्या चेसीकडं जातात आणि तिथं साखळीनं किंवा कंसावर ताणून धरतात. दांड्या वाकायला बघतात, त्या ताणानं ट्रकचं मागचं बूड उचललं जातं, थोडं वजन पुढच्या एक्सलवर परत जातं आणि थोडं ट्रेलरच्या चाकांवर. ढकलगाडीच्या दांड्या धरून वर उचलल्या की पुढचं चाक दाबतं ना, तसं. मी वर्कशॉपमधे आमच्या दोन चाकी ट्रॉलीला असं काही करता येईल का म्हणून एक रविवार घालवला. शेतात ट्रॅक्टर एवढा वरखाली होतो की दांड्या मोडतील, नाद सोडला.

बाकी सुरक्षेचं तिकडं जे आहे ते बघून आपल्या उसाच्या ट्रॉल्या आठवतात, मागं लाल दिवा तर सोडा, रेडियमची पट्टीसुद्धा नाही. ट्रेलरला स्वतःचे इलेक्ट्रिक ब्रेक, ट्रकचा ब्रेक दाबला की तेपण लागतात. ट्रेलर सुटलाच तर एक वायर ओढली जाऊन ट्रेलरची बॅटरी त्याचे ब्रेक आपोआप लावते. दांडीखालनं दोन साखळ्या, कैचीसारख्या आडव्या, म्हणजे दांडी निसटली तरी रस्त्यावर न आपटता त्या झोळीत बसते. हे शेवटचं मी माझ्या ट्रॉल्यांना फुकट बसवून द्यायला लागलोय, दोन-चार जणांनी काढून टाकल्या, असो.

मेच्या लाँग वीकएंडला पहिली फेरी, एडमंटन ते जॅस्पर, साडेतीनशेच्या वर किलोमीटर. निघताना मी एकच अट घातली होती, काटा करून मग जा. तिकडं हायवेला ट्रकांचे काटे असतात, एक्सल एक्सल वेगळं वजन मिळतं. आधी नुसता भरलेला ट्रक: पुढं १,४२०, मागं १,३०५. ट्रेलर जोडून, दांड्या न ताणता: पुढं १,२८७, मागं १,७८८. दांड्या ताणून: पुढं १,३७५, मागं १,६६५. एकूण ३,०४०, आणि ट्रकची पासिंग ३,१९८. म्हणजे १५८ किलो शिल्लक, कारण ट्रेलर खरा २,८४० किलोचाच भरला होता आणि बॉलवर ३५० आले होते, शिवाय दांड्यांनी ३५ किलो ट्रेलरच्या चाकांवर ढकलले. कागदावर केलेला हिशोब काट्यावर असा जवळपास बसला की मी फोनवरच ओरडलो, कामगार पळत आले.

पेट्रोल मात्र प्यायला. नुसता असताना शंभर किलोमीटरला १२ लिटर, ट्रेलर जोडून २३. वजनापेक्षा वारा खातो, मागं अडीच मीटर रुंद भिंत आहे ती हवा ढकलत न्यायची. आणि ट्रेलरच्या टायरांवर वेगाची हद्द असते, बऱ्याच टायरांची १०५, हायवे ११० चा असला तरी ह्यानं ९५ च्या वर जायचं नाही असं ठरलंय.

आता हिवाळा. गंमत अशी की उन्हाळ्यात ज्या मागच्या एक्सलवर भार जास्त होतो म्हणून आम्ही रडत होतो, त्याच एक्सलवर हिवाळ्यात भार पुरत नाही. रिकामा पिकअप म्हणजे पुढं इंजिन आणि मागं मोकळा हौदा. आपल्याकडं पहिल्या पावसात पुलावर रिकामा पिकअप शेपूट फिरवतो तेच, पण चार महिने रोज. भाच्याला वाटत होतं फोर बाय फोर आहे ना, चारही चाकांना इंजिनाची ताकद, झालं. फोर बाय फोर गाडीला निघायला मदत करतो, थांबायला नाही. ब्रेक चारही चाकांना आधीपासनं आहेत. थांबवतो तो टायर, आणि सात डिग्रीच्या खाली साध्या टायरचं रबर कडक होतं, भाकरीसारखं. हिवाळी टायरचं रबर मऊ राहतं, त्याच्यावर डोंगराच्या तीन शिखरांत बर्फाच्या फुलाचं चिन्ह असतं, ते चिन्ह बघून घ्यायचे. अल्बर्टात त्याची सक्ती नाही, क्युबेकात १ डिसेंबर ते १५ मार्च सगळ्यांना सक्ती, आणि जॅस्परच्या पलीकडं ब्रिटिश कोलंबियात घाटातल्या रस्त्यांना १ ऑक्टोबरपासनं हिवाळी टायर लागतात. ह्यानं चार टायर वेगळ्या रिमवर बसवूनच घेतले, ऑक्टोबरात घालायचे, एप्रिलात काढायचे. इथं अठरा इंची चाकं परत कामाला आली, बावीस इंचीला ह्या टायरांची किंमत ऐकून माझ्या छातीत कळ आली असती.

फोर बाय फोरचंपण दोन प्रकार असतात हे घेताना बघितलं होतं. साध्या प्रकारात चारही चाकांना ताकद द्यायला बटण फोर-हायला टाकलं की पुढचा मागचा एक्सल एकमेकांना बांधले जातात, सलग बर्फावर ठीक, पण कोरड्या डांबरावर वळताना गिअर कुरकुरतात. एडमंटनच्या रस्त्यावर एक चौक कोरडा, पुढचा चौक काच. त्यामुळं ऑटोवाला प्रकार घेतला, घसरलं की आपोआप पुढं ताकद जाते. बॅटरी घेताना थंडीतल्या अँपिअरचा आकडा बघायचा, तो उणे १८ ला मोजलेला असतो. ऑइल ०डब्ल्यू-२०. आम्ही इकडं १५डब्ल्यू-४० टाकतो, ते उणे तीसला काकवी होईल. ब्लॉक हीटरला टायमर लावला, पहाटे तीनला चालू, सातला गाडी काढायची, रात्रभर जाळायचं काम नाही.

आणि हौद्यात वाळू. साठ पौंडाची, म्हणजे २७ किलोची, लांबट पोती मिळतात तिकडं ह्याच कामासाठी, चार पोती बरोबर मागच्या एक्सलवर, पुढं मागं नाही, पट्ट्यानं करकचून बांधलेली, नाहीतर ब्रेक मारला की पोतं काच फोडून मानेवर. त्यानं फोटो पाठवला तो मी वर्कशॉपमधे दाखवला. आमचा वेल्डर बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, मालक, तिकडं वाळूची गाडी तहसीलदार धरत नाही का?

आता ताई आणि दाजी येत्या मेमधे जाणार आहेत. बाकडं तीन माणसांचं आहे म्हणजे सहा जण बसतात, पण दोघांचं मिळून १३० किलो आणि शिल्लक १५८. वाळूची १०८ किलोची पोती त्याच्या आधी उतरवायची हे भाच्याला दोनदा सांगितलंय. ताईनं कडक भाकरीचे दोन डबे, शेंगाची चटणी आणि चार चादरी बांधून ठेवल्यात, ते सगळं ट्रेलरमधे, आणि ट्रेलरमधेपण चाकांच्या वर, असं तिला समजावून सांगताना माझी अर्धी संध्याकाळ गेली.